घाण्याच्या घरातलं वावडं

माझ्या धाकट्या लेकीचं, सुलभाचं, लग्न झालं ते दोन हजार अकरा सालच्या वैशाखात. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, पंगती बसल्या आणि नवरीची आई मांडवातून नाहीशी झाली. आमच्या भागात ही गोष्ट अजून सांगतात. ती आई मी. मी टेंपोत बसले होते. मांडीवर आठ महिन्यांचा नातू होता आणि त्याचे ओठ सुजून वांग्यासारखे झाले होते.

"कुणी काय चारलं ह्याला?" टेंपोत चढता चढता मी ओरडले होते.

"म्या," मालक म्हणाले. त्यांच्या डोक्याला फेटा होता, हातात अर्धा लाडू. "शेंगदाण्याच्या लाडवाचा कण जिभेला लावला. घाण्यावरचं पोर हाय, दाण्याची चव नगं कळाय?"

मालक म्हणजे माझे यजमान, निवृत्ती देशमाने. आमचा तेलाचा घाणा. तीन पिढ्या शेंगदाण्याचं तेल गाळत आलो. मालकांच्या वडिलांच्या वेळी बैल फिरायचा, मालकांनी मोटर बसवली. पण तेल तेच. बाजारादिवशी लोक किटल्या घेऊन दारात बसायचे.

टेंपोत माझ्या शेजारी सून रोहिणी होती, पुढे माझा मुलगा दिगंबर. मांडीवरच्या मल्हारच्या अंगावर गांधी उठत होत्या, एक दिसली की तिच्या शेजारी दुसरी. आधी तो रडत होता. मग रडणं थांबलं आणि छातीतून शिटीसारखा आवाज यायला लागला.

"आत्या, हा रडत का नाही?" रोहिणीनं विचारलं.

मी म्हटलं, "झोप लागली आसंल." खोटं बोलले. मला माहीत होतं.

तालुक्याला लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, शिकलगार बाई. त्यांनी काही विचारलं नाही. पोराला ओढून घेतलं, मांडीत सुई टोचली, तोंडावर वाफेची नळी धरली. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे. थोड्या वेळानं पोरानं असा टाहो फोडला, की रोहिणी खाली बसली आणि पदरात तोंड घालून हसायला लागली. हसत होती की रडत होती, देव जाणे.

"शेंगदाणा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ह्याला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. वावडं म्हणा. पण पोट बिघडतं तसलं वावडं नव्हे. पुन्हा खाल्ला आणि पोचायला उशीर झाला, तर पोर जाईल."

दिगंबर म्हणाला, "मॅडम, आमचा घाणा आहे. शेंगदाण्याचाच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं. जन्म कसा झाला, कुठं झाला. रोहिणीनं सांगितलं. बाळंतपणात तिला ताप भरला होता. बाळाच्या रक्तात जंतू गेले. एकवीस दिवस पोर काचेच्या पेटीत होतं आणि रोज दोन वेळा औषधाच्या सुया. तिचं दूध तोवर आटलं. पुढं तीन महिन्यांचा झाला तसं त्याच्या गालांवर आणि कोपरांच्या खोबणीत इसब आलं. खाजवून खाजवून रक्त काढायचा.

"घरी दही लावता ना?" बाईंनी मला विचारलं.

"लावते की."

"दुधाला विरजण नाही लावलं तर काय होतं?"

"नासतंय. न्हायतर भलतंच कायतरी चढतंय त्येच्यावर."

"बाळाचं पोट तसंच असतं. जन्मताना कोरं भांडं. आईच्या अंगावरचे, दुधातले चांगले जंतू त्यात जातात आणि मुरतात. तेच विरजण. ते नुसतं अन्न पचवत नाहीत, शरीराला शिकवतात. हा दाणा आहे, हे दूध आहे, हा शत्रू नव्हे, ह्याच्यावर धावून जाऊ नको. ह्याचं विरजण लागायच्या आत औषधानं भांडं धुतलं गेलं. धुवावंच लागलं, नाहीतर पोर वाचलं नसतं. त्यात कुणाची चूक नाही." आणि रोहिणीकडं बघून परत म्हणाल्या, "कुणाचीच नाही. ताप काही तू बोलावला नव्हतास."

रोहिणीनं मान हलवली. आठ महिन्यांत तिला हे कुणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"आता एक खरं सांगा," बाई म्हणाल्या. "घाण्याचे लोक आहात म्हणून विचारते. दाणा तोंडातून आला तर शरीराला तो पाहुणा वाटतो. पण इसबानं फाटलेल्या कातडीतून आधी आत शिरला, तर भिंत फोडून आलेला चोर वाटतो. मग पुढं दारातून आला तरी चोरच. बाळाच्या अंगाला कुठलं तेल लावत होता?"

पोराचं न्हाणं-माखणं माझ्याकडं होतं. बाई माझ्याकडंच बघत होत्या.

"खोबरेल," मी म्हणाले.

रोहिणीनं माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घातली आणि पोराचं टोपडं नीट करत बसली.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन घरं झाली. मागची खोली रोहिणीची आणि मल्हारची. ती फरशी दोनदा पुसायची. घाण्यावरून आलेल्या माणसानं हात धुतल्याशिवाय पोराला घ्यायचं नाही, असं तिनं सांगितलं, आणि ते मालकांना फार लागलं.

"माज्या नातवाला शिवायला मी आंघोळ करू? मी काय सुतकात हाय?"

"तसं नाही मामा. हाताला कूट असतो."

"कूट न्हाय त्यो. लक्ष्मी हाय."

गावात बोभाटा झाला. घाण्याच्या घरात शेंगदाण्याचं वावडं! बाजारादिवशी किटलीवाले चेष्टा करायचे, "निवृत्तीशेठ, तेलात काय घालताय? नातवालाबी सोसंना म्हनं." मालक हसायचे आणि घरी येऊन ताट लोटायचे. राग निघायचा तो रोहिणीवर. पोराला दूध पाजलं नाही. काचेत वाढवलं. शहरातली पोरगी, तिच्या रक्तातच कस नाही. ती ऐकून घ्यायची. मी चूल फुंकत बसायचे. आमच्याकडं गॅस होता, पण ऐकायचं नसलं की मी चुलीकडं जायचे.

सगळ्यात धार होती गोजरावन्संच्या तोंडाला. मालकांची थोरली बहीण. मालकांना तिनंच वाढवलेलं, त्यामुळं तिचा शब्द घरात खाली पडत नसे. दिवाळीला आली तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "अरं निवृत्ती, पोराला आन् आईला मिरजंला माहेरी ठेवून दे. मोठा होईस्तवर. घाण्यापुढं सारखं रडगाणं बरं न्हवं."

मालक सुपारी कातरत राहिले. दिगंबरनं मान खाली घातली. माझं पोर स्वभावानं चांगलं, पण बापापुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची.

रात्री भांडी घासताना रोहिणी मला म्हणाली, "आत्या, मला पाठवणार का?"

"कोन पाठवतंय?"

"मग तुम्ही बोलत का नाही?"

मी कढई घासत राहिले. कढई कधीच स्वच्छ झाली होती.

संक्रांत आली. मल्हार सोळा महिन्यांचा झाला होता, पावलं टाकायचा. बोरन्हाण घालायचं ठरलं. रोहिणीनं आधीच सांगून ठेवलं होतं, चुरमुरे, बोरं, बत्तासे, उसाचे तुकडे, बास. आमच्यात रीत वेगळी. घाण्यावरच्या पोराच्या बोरन्हाणात सुपानं शेंगदाणे ओतायचे. पोराच्या डोक्यावर पहिला दाणा पडला की तो घाण्याचा झाला. माझ्या दिगंबरला तसंच केलं होतं. यंदा नाही, असं मी वन्संना निरोप पाठवून कळवलं होतं.

दुपारी सोप्यात पंधरा-वीस बायका जमल्या, त्यांची पोरं जमली. मल्हारला काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट. पाटावर बसवला तर तो मुकुट काढून चाटायला लागला, बायका हसल्या. रोहिणीसुद्धा बऱ्याच दिवसांनी हसली. तिनं पहिली ओंजळ चुरमुऱ्यांची घातली. पोरं तुटून पडली.

तेवढ्यात गोजरावन्सं आल्या. काखेत सूप, सुपावर खण झाकलेला.

"सरा गं," त्या म्हणाल्या. "मी आत्याआजी हाय. माजी ओंजळ व्हायचीय."

"वन्सं, काय हाय त्यात?" मी विचारलं.

"बत्तासं."

पोरांच्या धक्क्यात खण सरकला. बत्तासे होते, आणि त्यांच्याखाली सोललेले, भाजलेले, गोरेपान शेंगदाणे. सूपभर.

रोहिणी पाटापुढं आडवी झाली. "आत्याबाई, नको. पाया पडते. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरीन तुज्या पोरापुढं घाबरून बसलीया, म्हून आमी बसायचं? अगं, एक दाना पोटात गेला की भ्या जातंय. पोराचंबी आन् आईचंबी. आमी इतकी वाढवली, कुनाला कसलं वावडं? दूध पाजलं आसतंस तर ही येळ आली आसती का?"

कुणीतरी मागून म्हणालं, "खरंच की." कुणी म्हणालं, "नगा, पोर नाजूक हाय." बोरन्हाण बघायला आलेल्या बायका, त्यांना अर्धं भांडणही चालत होतं.

मी दाराकडं पाहिलं. मालक उंबऱ्यात उभे होते. ते बोरन्हाणाला कधी थांबत नसत.

"टाक अक्का," ते म्हणाले. "बघू तर काय हुतंय."

तेव्हा मला कळलं. ते दाणे आमच्याच घाण्यावरचे होते. आमच्याच पोत्यातले. मालकांनी दिले होते.

वन्संनी सूप उचललं. मी उठले आणि खालून सुपाला असा हात मारला की ते त्यांच्या हातातून सुटून मागं अंगणात जाऊन पडलं. दाणे सगळीकडं उडाले. मी मल्हारला पाटावरून उचलून डोक्याच्या वर धरला, जसा पुरातून माणूस पोर नेतो तसा, आणि तसाच रोहिणीच्या हातात दिला.

"आत जा. कडी लाव. आन् ह्येचं त्वांड-हात धू."

ती पळाली. पोरं दाणे वेचायला वाकली होती. "येकानं जरी उचललं तर कान उपटीन," मी म्हणाले. पोरं सरळ झाली.

"अनसा!" वन्सं किंचाळल्या. "माज्या हातातलं सूप उडवलंस? सनासुदीला?"

"उडवलं."

"त्या सुनंसाठी?"

"व्हय. आन् आता ऐकाच, आलाय तर सगळ्याजणी. हिच्या दुदाचं काय न्हाई आन् हिच्या रक्ताचं काय न्हाई. त्या पोराला चार-पाच महिनं तेल म्या चोळलंय. खोबरेल न्हवं. घान्याचं. पयल्या धारेचं, कोमट, वाटीत घिऊन. गालाला, कोपराला, जितं जितं फुटलं हुतं तितं जास्ती. ही म्हनायची, आत्या, इसबावर नको, त्याला आग होते. मी म्हनायची, तू शानी का मी? डॉक्टरीनबाईंनी इचारलं तवा मी खोबरेल सांगितलं. हिला म्हाईत हुतं. हिच्या तोंडावर मी खोटं बोलले, आन् हिनं आजवर माजं झाकलं. आट म्हैनं तुमी हिला बोलताय आन् मी चुलीत त्वांड घालून बसलीया."

मालक उंबरा ओलांडून पुढं आले.

"काय बी बरळू नगं," मालक म्हणाले. "तेलानं कुनाला काय हुतंय? दिगंबरला न्हाई चोळलं? मला न्हाई चोळलं?"

"तुमाला इसब नव्हतं. तुमच्या पोटातलं इरजान कुनी धुतलं नव्हतं. ह्येचं धुतलं हुतं, आन् वर म्या भिंत फोडून चोर आत घातला. कशानं किती झालं त्ये डॉक्टरलाबी ठावं न्हाई. पर म्या केलं न्हाई असं मला म्हनता येत न्हाई."

"गप ऱ्हा! बायका ऐकत्यात."

"ऐकूद्या. तुमी सूप भरून दिलं तवा कोन ऐकत हुतं?"

मालकांचा चेहरा उतरला. पण ते हटणारे नव्हते. "घाना बंद करू का मग? सांग की. तीन पिड्यांचा घाना बंद करू, ह्या वीतभर पोरासाठी?"

मला वाटतं, ते मला घाबरवायला बोलले. मी कधी त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे, घाण्यात कधी पाऊल टाकत नसे. तो मालकांचा होता.

मी कोपऱ्यातला कोयता घेतला. बायका "अगं बया" म्हणत बाजूला झाल्या, त्यांना काय वाटलं कोण जाणे. मी अंगण ओलांडून घाण्याच्या खोलीत गेले. मोटर बंद होती. मोटरीपासून घाण्यापर्यंत जाडजूड पट्टा होता. दोन घावांत तुटला नाही. तिसऱ्या घावाला सापासारखा उसळला आणि खाली पडला.

मालक मागं येऊन उभे होते. त्यांच्यामागं वन्सं, त्यांच्यामागं सगळा सोपा.

"पट्टा कापलास," मालक म्हणाले. ओरडले नाहीत. "आता मी काय गाळू?"

"करडी गाळा. खोबरं गाळा. जवस गाळा. दाना ह्या घरात येनार न्हाई. आला तर मी त्या पोराला आन् त्येच्या आईला घिऊन भाईर पडंन. मिरजंला ती येकटी जानार न्हाई."

"सासू सुनंच्या माहेरी ऱ्हानार?" वन्सं म्हणाल्या. "लोक त्वांडात शेण घालतील."

"घालूद्या. शेन चालंल, दाना नगं."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. वन्सं त्याच पावली निघाल्या, सूप अंगणातच टाकून. पुढं सहा वर्षं त्यांनी आमच्या घरचं पाणी घेतलं नाही.

दिगंबर संध्याकाळी आला. त्यानं कापलेला पट्टा पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि बापाला न विचारता खराटा घेऊन अंगण झाडायला लागला. एकूण एक दाणा वेचला. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं बंड. मला बरं वाटलं.

मालक त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी पहिल्या एस.टी.नं कुठंतरी गेले, दुपारी आले. चौथ्या दिवशी नवा पट्टा आला आणि त्याच गाडीतून करडईची पोती. मालकांनी घाणा गरम पाण्यानं धुतला. स्वतः धुतला, गड्याला हात लावू दिला नाही. तीन दिवस धूत होते. माझ्याशी मात्र गुढीपाडव्यापर्यंत बोलले नाहीत. हवं ते दिगंबरला सांगायचे, "तुज्या आयला सांग, चा टाक."

त्या सकाळी ते कुठं गेले होते, ते पुढं डॉक्टरबाईंनीच मला सांगितलं. बाईंच्या दारात उभे राहून त्यांनी माझं खोबरेलाचं खोटं सांगून टाकलं आणि एकच प्रश्न विचारला, माझ्या तेलानं झालं का? बाई म्हणाल्या, "नक्की कुणालाच सांगता येणार नाही. पण तुमच्या बायकोनं खरं सांगितलं हे फार बरं झालं." मालकांनी हात जोडले आणि परत आले.

किटलीवाले निम्मे तुटले. निम्मे राहिले. करडईच्या तेलाला गिऱ्हाईक हळूहळू लागलं.

वन्सं म्हणाल्या होत्या तसलंच औषध, आज एक दाणा चाटव, उद्या दोन चाटव, सवय होते, असं अजून मला लोक सांगतात. बाई म्हणतात, तसं करतात, पण ते दवाखान्यात, डॉक्टरांच्या डोळ्यांपुढं. घरी नाही. मी सांगणाऱ्याला म्हणते, तुमच्या नातवावर करून बघा.

रोहिणी अंगणवाडीच्या कामाला लागली, तेव्हा पोर दिवसभर माझ्याकडं असायचं. बिस्किटाच्या पुड्यावर काय लिहिलंय ते मला कळेना. मी तिला म्हटलं, मला शेंगदाणा लिहिलेला वळखाय शिकव. तिनं पाटीवर आधी इंग्रजीतला शब्द काढून दिला, मग मराठीतला. मला माझं नाव लिहिता येत नव्हतं तेव्हा शेंगदाणा वाचता येत होता, दोन भाषांत. मग बाकीची अक्षरं हळूहळू आली. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते.

मल्हार आता दहावी झाला. दप्तरात औषधाची सुई असते, ती कशी टोचायची ते त्याच्या चार मित्रांना त्यानं शिकवून ठेवलंय. वावडं गेलेलं नाही. बाई म्हणतात, बहुतेक जाणार नाही. तो घाण्यावर बसतो, करडईची पेंड हातानं मोडून बघतो, अगदी आजोबासारखी.

मालकांबद्दल एक गोष्ट मला ते गेल्यावर कळली. दिवसकार्याला चहावाला बाळू कोष्टी आला होता. तो म्हणाला, "काकू, शेठ माझ्याकडं रोज पोहे खायचे. सात वर्षं. आल्या आल्या सांगायचे, दाणं वगळून दे. मी एकदा म्हणालो, शेठ, घाणेवाल्याला दाण्याचा कंटाळा आला का? तर म्हणाले, घरी गेल्यावर पोरगं मुका घेतं."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नसतं.

गोजराबाई दोन हजार अठराच्या श्रावणात गेल्या. जायच्या आधी दोन महिने आमच्या घरी येऊन पाणी प्यायल्या. मालक, निवृत्ती सखाराम देशमाने, दोन हजार एकोणीस सालच्या किंक्रांतीला, बुधवारी सकाळी, घाण्यासमोर पाटावर बसलेले असताना वारले. मल्हार जवळ होता. तो जिवंत आहे.